मुलांचे दप्तर आणि सरकारचे दप्तर

(रत्नागिरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

आजच्या व्याख्यानाच्या विषयात दोन गाठोडी एकत्र बांधलेली दिसतात, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. विद्यार्थ्यांवरील अभ्यासाचा भार हे एक आणि परक्या देशांच्या नेत्यांविरुद्ध सरकारांनी रचलेली गुप्त कारस्थाने हे दुसरे. एक प्रश्न पालकसभेतला, दुसरा परराष्ट्रनीतीचा. परंतु आपल्या मराठी भाषेने या दोन्हींसाठी फार पूर्वीच एक शब्द वापरात आणला आहे. तो शब्द म्हणजे दप्तर. मुलाच्या पाठीवर असते तेही दप्तर आणि सरकारच्या कपाटात कुलूपबंद असते तेही दप्तर. पहिले रोज सकाळी उघडावेच लागते. दुसरे पन्नास-साठ वर्षे उघडत नाही, आणि उघडते तेव्हा ते वाचायला फुरसत असलेला माणूस सापडत नाही. या दोन दप्तरांचा परस्परांशी काय संबंध आहे, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

त्यासाठी आपल्याला रत्नागिरीबाहेर जाण्याची गरज नाही. निदान सुरुवातीला तरी नाही.

थिबा राजवाडा आपण सर्वांनी पाहिला आहे. शाळांच्या सहली तेथे येतात, थिबा पॉइंटवरून सूर्यास्त पाहून परततात. मुलांना जे सांगितले जाते ते दोन वाक्यांत मावते : ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी पदच्युत करून येथे ठेवले, तो १९१६ मध्ये येथेच वारला. दोन्ही वाक्ये खरी आहेत. परीक्षेत विचारली तर एकेक गुणही मिळेल. मात्र त्या राजाला पदच्युत का केले, कोणाच्या सांगण्यावरून केले, आणि ते करण्यापूर्वी पडद्यामागे काय घडले, हे विचारण्याइतका वेळ त्या सहलीत नसतो आणि वर्गातही नसतो.

थिबा गादीवर आला तो १८७८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी. त्याआधी तो मठात शिकणारा विद्यार्थी होता. बौद्ध धर्मग्रंथांची अवघड समजली जाणारी परीक्षा त्याने १८७७ मध्ये उत्तम रीतीने पार पाडली होती. म्हणजे रत्नागिरीला आलेला हा कैदी पाठांतरात निष्णात होता, आणि राज्य कसे हातचे जाते हे कोणत्याही परीक्षेच्या अभ्यासक्रमात नव्हते. त्याच्या दरबाराविषयी भाबडेपणा बाळगण्याचे कारण नाही. १८७९ च्या फेब्रुवारीत राजघराण्यातील कित्येक स्त्री-पुरुषांची मंडालेच्या राजवाड्यात कत्तल झाली, आणि तिची जबाबदारी त्याच्या दरबारावरच येते. हे मी मुद्दाम सांगतो. ज्याच्याविरुद्ध कारस्थान झाले तो सद्‌गुणांचा पुतळा असलाच पाहिजे, अशी आपल्याकडील अनेकांची समजूत असते. कारस्थान करणारेही नेमक्या याच समजुतीचा फायदा घेतात. आधी त्या नेत्याचे दोष जगभर वाजवायचे आणि मग त्याच्या खाणी, जंगले, तेलविहिरी ताब्यात घ्यायच्या. इंग्रजी वृत्तपत्रांनी थिबाला मद्यपी आणि क्रूर म्हणून रंगविले. सागवानाचा उल्लेख त्या मानाने कमी झाला.

आणि खरी गोष्ट सागवानाचीच होती. १८६३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी उत्तर ब्रह्मदेशातील जंगले मक्त्याने घेऊन लाकूड तोडत असे. नावातले 'बॉम्बे' लक्षात घ्या. कंपनी वॉलेस बंधूंची, म्हणजे स्कॉटिश भांडवलाची. परंतु तिचा पत्ता आपल्या मुंबईचा होता. तोडलेल्या ओंडक्यांचा खरा हिशेब कंपनी देत नाही, असा आरोप ठेवून ब्रह्मी दरबाराने १८८५ च्या ऑगस्टमध्ये तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. आपल्या भूमीवर व्यापार करणाऱ्या परक्या कंपनीचा हिशेब तपासणे हा कोणत्याही सरकारचा साधा अधिकार आहे. तो बजावल्याबरोबर रंगूनचे गोरे व्यापारी आणि इंग्लंडमधील व्यापारी मंडळे मंडाले खालसा करा म्हणून ओरडू लागली. इंग्लंडमध्ये त्याच हिवाळ्यात सार्वत्रिक निवडणूक होती. भारतमंत्री लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल हे बर्मिंगहॅमसारख्या कारखानदारीच्या शहरातून उभे होते, आणि नव्या बाजारपेठेच्या बातमीचे तेथे स्वागतच होणार होते.

पडद्यामागची हालचाल याहून रंजक आहे. मंडालेत आंद्रेइनो नावाचा एक गृहस्थ होता. हुद्द्याने तो इटलीचा वकील. धंद्याने बॉम्बे बर्मा कंपनीचा आणि इरावतीवर आगबोटी चालविणाऱ्या कंपनीचाही प्रतिनिधी. एकाच माणसाच्या डोक्यावर तीन टोप्या! फ्रान्स आणि ब्रह्मी दरबार यांच्यातील गुप्त पत्रव्यवहाराचा सुगावा याच वाटेने इंग्रजांना लागला, असे इतिहासकार सांगतात. तेवढे निमित्त पुरे झाले. २२ ऑक्टोबर १८८५ रोजी निर्वाणीचा खलिता निघाला : मंडालेत इंग्रज रेसिडेंट कायमचा ठेवा, परराष्ट्रव्यवहार आमच्या सल्ल्याने करा, कंपनीचा वाद आमच्या वकिलासमोर सोडवा, चीनच्या व्यापाराला वाट करून द्या. उत्तराची मुदत १० नोव्हेंबर. दरबाराने दंडाबाबत कंपनीचा अर्ज आल्यास विचार करू, असे नमते घेतले. तरी सुमारे दहा हजारांची फौज त्याच आगबोटींतून इरावतीने वर सरकली. या मोहिमेत एक नाटकही झाले. इंग्रजांच्या आश्रयाला असलेला एक ब्रह्मी राजपुत्र फौजेबरोबर येत आहे, म्हणजे केवळ राजा बदलायचा आहे, राज्य जाणार नाही, अशी समजूत लोकांत पसरविण्यात आली. तो राजपुत्र त्याआधीच मरण पावला होता. त्याच्या वेषात आगबोटीवर भलत्याच तरुणाला बसविले होते, असे थान्त मिन्त-ऊ या इतिहासकाराने नोंदविले आहे. २८ नोव्हेंबरला मंडाले पडले. १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश इंग्रजी साम्राज्यात विलीन झाल्याचा जाहीरनामा निघाला. एप्रिलमध्ये राजा, राण्या आणि मुली मद्रासमार्गे रत्नागिरीला पोहोचल्या. रेल्वे नाही, पावसाळ्यात समुद्रमार्ग बंद, अशी ही जागा. कैदी ठेवायला यापेक्षा सोयीचे गाव इंग्रजांना कोठे मिळणार! (रेल्वे आपल्याकडे आली ती १९९८ मध्ये. थिबाला ठेवण्याची सोय आम्ही बराच काळ टिकवून धरली होती, असेच म्हणावे लागेल.) राजवाडा म्हणून जो आपण दाखवितो तो १९१० मध्ये पुरा झाला, त्याआधीची चोवीस वर्षे हे कुटुंब इतर बंगल्यांत राहिले. त्याच काळात, १९०८ ते १९१४ या सहा वर्षांत, रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा पुढारी मंडालेत, हा साम्राज्याच्या हिशेबातला जमाखर्च होता.

त्या वेळी आपल्या लोकांनी काय केले? ही बाब मात्र आवर्जून लक्षात ठेवण्यासारखी आहे. मंडाले पडून जेमतेम महिना झाला होता. डिसेंबर १८८५ च्या अखेरीस मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. प्रतिनिधी ७२. त्या अधिवेशनाने उत्तर ब्रह्मदेश खालसा करण्याच्या धोरणाविरुद्ध ठराव केला. राज्यनिष्ठेच्या भाषेत बोलणारी ती मंडळी होती. कोणी क्रांतिकारक नव्हते. परंतु या मोहिमेचा बोजा हिंदी रयतेवर पडणार, हे त्यांना कळले होते आणि ते त्यांनी सांगितले. गुप्त कागद त्यांच्या हाती नव्हते. वर्तमानपत्रे होती, अंदाजपत्रक होते, आणि ते वाचून विचार करण्याची सवय होती.

ही कंपनी आजही आहे. तिचे मालक कधीच बदलले; आजच्या मालकांचा त्या युद्धाशी काही संबंध नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण आपल्या मुलांच्या दप्तरात डब्याशेजारी जो बिस्किटांचा पुडा असतो, त्यांपैकी एका सुप्रसिद्ध नावाच्या कंपनीवरील नियंत्रण आज याच बॉम्बे बर्माकडे आहे. इतिहास मुलांच्या दप्तरात असा आधीच येऊन बसलेला आहे. पुस्तकांना तेवढा त्याचा पत्ता नाही.

आता थोडे बाहेर पाहू. रत्नागिरीतील ही गोष्ट एकदा नीट समजली, की विसाव्या शतकातील पुष्कळशा गोष्टी समजावून सांगण्याची गरज उरत नाही. इराणचे पंतप्रधान मोहम्मद मोसादेघ यांनी १९५१ मध्ये तेलाचे राष्ट्रीयीकरण केले. सागवानाच्या जागी तेल घाला, बॉम्बे बर्माच्या जागी अँग्लो-इराणियन ऑइल कंपनी घाला. ऑगस्ट १९५३ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी हेरखात्यांनी मिळून त्यांची सत्ता उलथविली. पैसे वाटून जमविलेले मोर्चे, विकत घेतलेली वर्तमानपत्रे, शहाच्या सहीची फर्माने, असा सारा सरंजाम होता. या कटातील आपल्या वाट्याची उघड कबुली सी.आय.ए.च्या कागदांतून बाहेर आली ती २०१३ मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी. चिलीत साल्वादोर अलेंदे १९७० मध्ये मतपेटीतून निवडून आले. ते अध्यक्षपदी बसू नयेत म्हणून आय.टी.टी. या टेलिफोन कंपनीने सी.आय.ए.ला दहा लाख डॉलर देऊ केले होते. अध्यक्ष निक्सन यांनी चिलीच्या अर्थव्यवस्थेला किंचाळायला लावा, असे सांगितल्याची टिपणे हेरखात्याच्या प्रमुखाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. लष्कराने राजकारणात पडू नये असे मानणारे सेनापती रेने श्नायडर यांच्यावर त्याच ऑक्टोबरात गोळ्या झाडल्या गेल्या. ११ सप्टेंबर १९७३ ला काय झाले ते आपण जाणता. हे बरेचसे बाहेर आले ते अमेरिकेच्याच सिनेटने नेमलेल्या चर्च समितीमुळे, १९७५ मध्ये. कॅस्ट्रो यांना मारण्याचे निदान आठ बेत या समितीने नोंदविले. काँगोचे लुमुंबा यांच्यासाठी विष पाठविण्यात आले होते, हेही तिनेच सांगितले. ज्या देशाने हे केले त्याच देशाच्या सिनेटने ते चव्हाट्यावर आणले, याचे श्रेय दिलेच पाहिजे. असे आपल्या संसदेने कधी केले आहे काय, या प्रश्नाकडे मी पुढे येणार आहे.

या कारस्थानांची झळ विद्यार्थ्यांना कशी लागते ते पाहा. मोसादेघ गेल्यानंतर चार महिन्यांच्या आत, ७ डिसेंबर १९५३ रोजी, तेहरान विद्यापीठाच्या आवारात सैनिकांनी गोळीबार करून तीन विद्यार्थ्यांना ठार केले. इराणी विद्यार्थी तो दिवस अजूनही पाळतात. चिलीत हुकूमशाहीने शिक्षण बाजाराच्या स्वाधीन केले आणि पिनोशे यांनी सत्ता सोडण्याच्या आदल्या दिवशी, १० मार्च १९९० रोजी, ती व्यवस्था कायद्यात बांधून ठेवली. पुढे २००६ मध्ये शाळकरी मुले गणवेशात रस्त्यावर उतरली, २०११ मध्ये विद्यापीठांतील मुले उतरली. शुल्काचे आणि कर्जाचे ओझे त्यांच्या पाठीवर होते. ते कोणी लादले याचा माग काढताना ती १९७३ पर्यंत गेली. त्या चळवळीतील एक पुढारी गाब्रिएल बोरिक २०२१ मध्ये देशाच्या अध्यक्षपदी निवडून आले. आपल्या अभ्यासाचे ओझे आणि आपल्या देशाचा इतिहास यांचा संबंध जोडता आला की विद्यार्थी काय करू शकतात, याचे हे उदाहरण. त्यासाठी त्यांना तो इतिहास ठाऊक असावा लागला.

आता आपल्या मुलांकडे येऊ. आपल्या कोकण विभागाचा दहावी-बारावीचा निकाल वर्षानुवर्षे राज्यात पहिला लागतो. अभिमानाची गोष्ट आहे, आणि मी तिची टिंगल करणार नाही. पहाटेची एस.टी. पकडण्यासाठी सडा तुडवीत येणारी मुले, भर पावसात वाडीवरून खाली उतरणाऱ्या मुली, त्यांच्यासाठी राबणारे शिक्षक, यांच्या कष्टाचा तो निकाल आहे. पण निकाल लागला की ही हुशार मुले कोठे जातात? अकरावीला नाव एका महाविद्यालयात आणि बैठक दुसऱ्याच खासगी वर्गात, असा प्रकार राज्यभर चालू आहे. डॉक्टर-अभियंता होण्यासाठीच्या केंद्रीय परीक्षांनी बारावीच्या वर्गाची धर्मशाळा करून टाकली आहे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा सकाळी सहाला घराबाहेर पडतो आणि रात्री नऊला परततो; रविवारी चाचणी असते. कापडगिरणीतील कामगाराला आठ तासांचा दिवस मिळावा म्हणून आमच्या चळवळीने पिढ्या खर्च केल्या. या मुलांच्या तासांचा हिशेब मागायला एकही संघटना नाही! कोटा शहरात विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी २०२३ मध्ये वसतिगृहांतील पंख्यांना स्प्रिंगा बसविण्याचा हुकूम निघाला. ओझे तसेच ठेवायचे आणि पंखा तेवढा बदलायचा, हा आमच्या शासनयंत्रणेचा बुद्धिवैभवाचा नमुना म्हणून जपून ठेवावा.

ओझ्याविषयी कोणी बोलले नाही असे नाही. कादंबरीकार आर. के. नारायण १९८९ मध्ये राज्यसभेत आपल्या पहिल्या भाषणाला उभे राहिले आणि बोलले ते मुलांच्या दप्तराविषयी. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९९३ मध्ये आला. त्या अहवालातील मर्माची गोष्ट अशी की, दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक जड असते. मुलाला जे कळत नाही तेच त्याला वाहावे लागते. आम्ही काय केले? वजनकाटा आणला. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने दप्तराच्या वजनावर मर्यादा घालणारा निर्णय काढला. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातही मुलाच्या वजनाच्या दहा टक्के ही कमाल ठरली. शाळेच्या दारात मुले आणि दप्तरे तोलली जाऊ लागली. न समजण्याचे वजन दाखविणारा काटा अजून कोणी बनविलेला नाही. आणि त्याच राज्य सरकारने २०२५ मध्ये पहिलीच्या मुलांवर तिसरी भाषा लादण्याचे शासननिर्णय काढले. महाराष्ट्रभर संताप उसळल्यावर २९ जूनला ते मागे घ्यावे लागले. दरम्यान वाडीवरच्या कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे बेतही २०२३ पासून चालू आहेत. म्हणजे दप्तर हलके होईल आणि वाट लांबेल.

याच संदर्भात २०२२ साली जे घडले ते आपण बारकाईने पाहावे, कारण माझ्या आजच्या सांगण्याचा गाभा तेथे आहे. करोनाच्या काळात मुलांचे नुकसान झाले, त्यांच्यावरचा भार कमी केला पाहिजे, असे कारण देऊन एनसीईआरटीने पाठ्यपुस्तकांतून मजकूर वगळला. हेतू म्हणून यात वावगे काही नाही. आता वगळले काय ते पाहा. बारावीच्या राज्यशास्त्रातून 'शीतयुद्धाचा काळ' हे प्रकरण गेले. त्याची सुरुवातच क्यूबाच्या क्षेपणास्त्र-संकटाने होत असे. जागतिक राजकारणातील अमेरिकी वर्चस्वावरचे प्रकरण गेले. स्वतंत्र भारताच्या राजकारणावरील पुस्तकातून जनआंदोलनांचे प्रकरण गेले. चिपको त्यात होते, आमचे दलित पँथर त्यात होते, नर्मदा त्यात होती. आणीबाणीवरील पाने कमी झाली. महात्मा गांधींच्या खुनासंबंधीची काही वाक्ये तर जाहीर केलेल्या यादीत न दाखविताच नाहीशी झाली. २०२३ मध्ये नवी पुस्तके हाती आल्यावर ते लोकांना कळले. ज्यांनी ही राज्यशास्त्राची पुस्तके घडविली त्या सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी जून २०२३ मध्ये, आमची नावे या पुस्तकांवरून काढून टाका, असे लिहून कळविले. स्वतःच्या पुस्तकावरचे नाव काढा म्हणण्याची वेळ लेखकावर यावी, यातच सारे आले.

आपली बहुतेक मुले राज्य मंडळाची आहेत, मग केंद्राच्या पुस्तकाची चिंता आम्ही का करावी, असे आपण विचाराल. २०२५ मध्ये राज्य सरकारने राज्य मंडळाच्या शाळांतही केंद्रीय मंडळाच्या धर्तीचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणण्याचे जाहीर केले आहे. तेव्हा हे पाणी आपल्या अंगणात येणारच.

क्यूबाच्या संकटाचे ते पान घ्या. सोव्हिएत क्षेपणास्त्रे १९६२ मध्ये क्यूबात का आली, असा प्रश्न एखादी चौकस मुलगी विचारते. शिक्षक सांगतात, १९६१ मध्ये अमेरिकेने भाडोत्री स्वारी करून पाहिली होती. ती विचारते, स्वारी फसल्यावर पुढे? मग चर्च समिती येते, विषारी सिगार येते, आठ बेत येतात. मग ती विचारते, आपले सरकार असे काही करते का? या चौथ्या प्रश्नापाशी सर्व सरकारे अस्वस्थ होतात. मुलीने पाठ केलेली रासायनिक समीकरणे कोणत्याही सरकारला अस्वस्थ करीत नाहीत. म्हणून भार कमी करण्याची वेळ येते तेव्हा खासगी वर्गांच्या धंद्याला लागणारे एक पानही कमी होत नाही, आणि तिला चौथ्या प्रश्नापर्यंत नेणारी प्रकरणे मात्र 'अनावश्यक' ठरतात.

हा कट आहे काय? साथींनो, या शब्दाबाबत आपण फार सांभाळले पाहिजे. दिल्लीत कोणी दहा जणांनी बसून मुलांना दमवून टाकण्याची योजना आखली, असे मी म्हणणार नाही. तसा कागद माझ्यापाशी नाही. मला दिसते ती सोय आहे. दमलेला विद्यार्थी सर्वांनाच सोयीचा असतो. कट आणि सोय यांत फरक करणे आमच्यासारख्यांना अधिकच अगत्याचे आहे, कारण कटाचा खोटा आरोप काय असतो तो या जिल्ह्याने भोगला आहे. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा 'परकीय हात' हे परवलीचे शब्द होते. चिलीचे उदाहरण सत्ताधाऱ्यांच्या तोंडी होते. अलेंदे यांच्याविरुद्ध कट झाला होता, हे खरेच होते. त्या सत्याची ढाल करून जयप्रकाशजींना परक्यांचे हस्तक ठरविण्यात आले, आणि आपले राजापूरचे खासदार मधु दंडवते बंगलोरच्या तुरुंगात गेले. एका देशातील खऱ्या कारस्थानाचा उपयोग दुसऱ्या देशात विरोधकांना गजाआड करण्यासाठी झाला. म्हणून कोणी परकीय हात म्हटले की आपण कागद मागावा. म्हणणारा आपल्या बाजूचा असला तरीही मागावा. आज प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला देशद्रोही ठरविणारी जी भाषा ऐकू येते, तिचा जुना खाचखळगा हाच आहे.

आणि आता तो चौथा प्रश्न. आपल्या सरकारने असे कधी केले आहे काय? सिक्कीमच्या विलीनीकरणाच्या काळात गंगटोकमध्ये आपल्या 'रॉ' या हेरखात्याचे काम पाहणारे अधिकारी जी. बी. एस. सिद्धू यांनी २०१८ मध्ये पुस्तक लिहून, चोग्यालची सत्ता खिळखिळी करण्यात या खात्याचा हात कसा होता ते स्वतःच सांगितले आहे. चोग्यालच्या राजवटीविरुद्ध सिक्कीमच्या जनतेचे लोकशाहीसाठी आंदोलन होते, हे तितकेच खरे. मे १९७५ मध्ये सिक्कीम भारताचे बाविसावे राज्य झाले. मी येथे निवाडा देत नाही. थिबाच्या बाबतीत जे प्रश्न आपण इंग्रजांना विचारतो, तेच प्रश्न दिल्लीला विचारण्याची तयारी असेल तरच रत्नागिरीच्या त्या राजवाड्यासमोर उभे राहून साम्राज्यशाहीवर बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे. हे प्रश्न विचारायचे कोठे, हाही प्रश्नच आहे. २००५ चा माहितीचा अधिकार कायदा झाला, पण त्याच्या चोविसाव्या कलमाने हेरखात्यांना जवळजवळ संपूर्ण सूट दिली. चर्च समितीसारखी सांसदीय चौकशी आपल्याकडे कधी झालेली नाही, आणि या खात्यांवर देखरेख करणारी संसदेची स्थायी समितीही नाही. मागणी म्हणून ही आपल्या पक्षाच्या ठरावांत असली पाहिजे. सध्या ती कोठेही ठळकपणे दिसत नाही, हे मी स्वकीयांसमोर स्पष्ट बोलतो.

पण ठरावाने मुलांना वेळ मिळणार नाही. त्यासाठी दोन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. पहिली अशी की, शाळा व्यवस्थापन समित्यांवर आपले जे कार्यकर्ते आहेत त्यांनी दप्तराच्या वजनाबरोबर मुलांच्या तासांचा हिशेब मागावा : शाळेचे तास, शिकवणीचे तास, गृहपाठाचे तास, वाटेचे तास. एका गावाचा हिशेब कागदावर आला तरी तो जिल्हा परिषदेपुढे ठेवता येईल. शिक्षकांवर लादलेली सर्वेक्षणांची आणि माहिती भरण्याची कामे याच हिशेबात मांडावीत. दमलेला शिक्षक चौकस मुलीला चौथा प्रश्न विचारू देत नाही.

दुसरी गोष्ट वाचनाची. साने गुरुजी याच जिल्ह्यातल्या पालगडचे. अमळनेरच्या छात्रालयात ते मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढीत. शाळेचा अभ्यास तेव्हाही होताच. त्या हस्तलिखिताला अनुदान नव्हते, मान्यता नव्हती, परीक्षा तर नव्हतीच. आपल्या रत्नागिरीत १८२८ पासून चालत आलेले जिल्हा नगर वाचनालय आहे. राजवाड्यात शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे. राजाची समाधी शहरात आहे. डिसेंबर २०१२ मध्ये ब्रह्मदेशाचे अध्यक्ष थेन सेन तेथे येऊन गेले. परक्या देशाचा अध्यक्ष इतक्या लांबून ज्या समाधीपाशी येतो, ती आपल्या किती शिक्षकांनी पाहिली आहे, हे हात वर करून सांगायला मी आपणांस लावणार नाही.

तेव्हा नववी ते बारावीच्या मुलांसाठी महिन्यातून एका रविवारी दोन तासांचे वाचन सुरू करावे, असे इथल्या काही शिक्षक-कार्यकर्त्यांशी बोलून ठरविले आहे. गृहपाठ नाही, चाचणी नाही, प्रमाणपत्र नाही. पहिल्या बैठकीला तीन कागद वाचावेत : काँग्रेसच्या १८८५ च्या अधिवेशनातील ब्रह्मदेशाविषयीचा ठराव, चर्च समितीच्या अहवालातील चिलीवरची काही पाने, आणि २०२२ मध्ये वगळलेल्या मजकुराची एनसीईआरटीची यादी. पहिल्या दोहोंचे मराठी भाषांतर दोन मुलींनी करायला घेतले आहे. त्यांची बारावी आहे, म्हणून ते मार्चनंतर हाती येईल.